लोणारचा कांठ आणि कॅमेरा

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार गांवाची वस्ती ओलांडून थोडें पुढें गेलें कीं जमीन एकाएकीं संपते. पायांखालीं वाटोळी, खोल दरी उघडते. तिच्या उतारावर दाट झाडी आणि तळाशीं हिरवट रंगाचें स्तब्ध पाणी. कांठापासून कांठापर्यंत हें विवर सुमारें १.८ किलोमीटर रुंद असून त्याची खोली सुमारें १३७ मीटर आहे. हें दृश्य डोळ्यांत मावत नाहीं. कॅमेऱ्यांत तर त्याहूनहि मावत नाहीं. तरी दीडशें वर्षांहून अधिक काळ माणसें कॅमेरा घेऊन या कांठावर येत आहेत. पूर्वी जो आला तो देवळांचीं चित्रें घेण्यासाठीं आला. आज जीं येतात तीं बहुधा स्वतःचीं चित्रें काढवून घेण्यासाठीं येतात. लग्न ठरलेलें जोडपें किंवा सुटीवर निघालेलें कुटुंब येतें, आणि त्यांच्याबरोबर आधींच विसार देऊन ठरविलेला छायाचित्रकार असतो. गर्दीच्या ठिकाणीं कांहीं घटका आपल्यापुरता एकांत मिळावा व त्या एकांताचें चित्र घरीं नेतां यावें, एवढीच त्यांची इच्छा. ही इच्छा नवी दिसत असली तरी तिचीं मुळें बरींच जुनीं आहेत.

लोणारची ख्याति कॅमेऱ्याच्या आधींची आहे. लवणासुराचा विष्णूनें येथें वध केला, या कथेवरून गांवांतील देवळाला दैत्यसूदन हें नांव पडलें. अबुल फजलच्या ऐन-इ-अकबरींत या जागेचा उल्लेख असून कांच व साबण करण्यास लागणारे पदार्थ येथें मिळतात असें तेथें नमूद केलें आहे. ज्या कांचेवर पुढें छायाचित्रें उमटूं लागलीं तिच्या सामग्रीसाठीं ही दरी सुमारें अडीचशें वर्षें आधींच ओळखली जात होती, हा योगायोग गमतीचा खरा. १८२३ मध्यें सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानें या विवराची नोंद केली, आणि तेव्हांपासून युरोपांतील विद्वानांचें लक्ष इकडे वळलें. पुष्कळ काळ हें ज्वालामुखीचें मुख मानलें जात असे.

छायाचित्रणाची कला १८३९ मध्यें पॅरिस येथें जाहीर झाली, आणि पंधरा वर्षांच्या आंत, १८५४ मध्यें, मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव तिच्या सभासदांत आढळतें. त्यांचे बंधु नारायण दाजी हे तर स्वतःच नामांकित छायाचित्रकार होते. म्हणजे ही विद्या साहेबांबरोबरच मराठी गृहस्थांच्याहि हातीं अगदीं प्रारंभापासून होती. वऱ्हाडांत मात्र ती आली ती अजिंठ्याच्या वाटेनें. मद्रासच्या लष्करांतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्यास ईस्ट इंडिया कंपनीनें १८४४ मध्यें अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमलें. त्यानें वर्षानुवर्षें खपून केलेलीं तैलचित्रें लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्यें ठेवलीं होतीं. १८६६ च्या आगींत त्यांतील बहुतेक सर्व जळून गेलीं. दरम्यान १८५६ च्या सुमारास गिलनें कॅमेरा हातीं धरला होता. जेम्स फर्ग्युसन यांच्या वर्णनासह त्याच्या छायाचित्रांचीं पुस्तकें १८६४ मध्यें लंडनला निघालीं. अजिंठ्याचें गांव बुलढाण्याच्या सरहद्दीपासून दूर नाहीं, आणि गिलनें वऱ्हाडांतील जुन्या देवळांकडेहि कॅमेरा वळविला. लोणारचीं देवळें त्यांतलींच. १८७९ मध्यें तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

त्या काळीं छायाचित्र घेणें म्हणजे काय होतें याची कल्पना आज सहसां येत नाहीं. ओल्या कांचेची रीत तेव्हां चालू होती. छायाचित्रकार कांचेवर कलोडियन नांवाचें चिकट द्रावण ओततो, अंधाऱ्या तंबूंत ती कांच रुप्याच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवितो, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालतो, आणि चित्र घेतल्यावर ती वाळण्यापूर्वीं धांवत तंबूंत परत जाऊन धुतो. हें सारें दहापंधरा मिनिटांत उरकलें पाहिजे. वऱ्हाडच्या वैशाखांत तर त्याहूनहि लवकर. म्हणून छायाचित्रकाराबरोबर तंबू, बाटल्या, कांचांच्या पेट्या आणि पाण्याचे हंडे यांची बैलगाडी चालत असे. पाण्याची अडचण लोणारला आणखी वेगळी. तळ्याचें पाणी खारट आणि क्षारयुक्त. मिठाच्या पाण्याचा रुप्याच्या द्रावणाशीं संबंध आला कीं पांढरा सांका बसतो आणि द्रावण वायां जातें. डोळ्यांसमोर एवढा जलाशय पसरलेला असतांना त्यांतील ओंजळभर पाणीहि या कामास उपयोगी नाहीं! कांठावर जी गोड्या पाण्याची धार गोमुखांतून अखंड पडते, तिच्यासारखेंच पाणी अशा कामास हवें.

या रीतीचा आणखी एक परिणाम विचार करण्यासारखा आहे. चित्र उमटण्यास कित्येक सेकंद लागत, त्यामुळें हलणारें मनुष्य कांचेवर पुसट होई किंवा मुळींच दिसत नसे. देवळापुढें शंभर यात्रेकरू ये-जा करीत असले तरी चित्रांत देऊळ एकटेंच उभें राही. एकांत पैसे न देतां मिळे. कॅमेऱ्याच्या मंदपणानेंच तो दिलेला असे. जें मनुष्य दिसतें तें मुद्दाम उभें केलेलें, खांबाची उंची कळावी म्हणून एका जागीं स्तब्ध राहण्यास सांगितलेलें. त्याच्या चेहऱ्याशीं कोणाला कर्तव्य नव्हतें. पुढें हेन्री कझिन्स यांनीं पुराणवस्तु खात्यातर्फे या भागांतील देवळांचा अभ्यास केला आणि १९३१ मध्यें दख्खनच्या मध्ययुगीन देवालयांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तेथेंहि दृष्टि तीच: दगड महत्त्वाचा, माणूस मापापुरता.

माणसाला स्वतःचें चित्र हवें असेल तर त्याला रम्य स्थळीं जावें लागत नसे. रम्य स्थळच त्याच्याकडे येई. शहरांतील स्टुडिओंत आणि जत्रेंतील तंबूंत रंगविलेला पडदा टांगलेला असे. त्यावर तळें, कमान, कारंजें किंवा एखादा राजवाडा. त्यापुढें लाकडी खुर्ची, शेजारीं कागदी फुलांची कुंडी. नवरानवरी ताठ बसत, आणि कोणी हसूं नये असा दंडकच असे. खासगी बैठकीचा थाट पाहावयाचा तर हैदराबादला पाहावा. निजामाच्या दरबारचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनीं १८९२ मध्यें तेथें पडदानशीन स्त्रियांसाठीं जनाना स्टुडिओ काढला आणि त्याचें काम एका इंग्रज बाईकडे सोंपविलें. ठरलेली वेळ, परक्या पुरुषाची नजर नाहीं, चित्र घरच्यांपुरतें. आजच्या ठरवून घेतलेल्या खासगी चित्रणाचा तोच खरा पूर्वज म्हणावा लागेल. भेद एवढाच कीं तेथें एकांत भिंतींनीं साधला होता. दरीच्या कांठाला भिंत कोठून आणावयाची?

पडद्यावरचें तळें सोडून माणूस खऱ्या तळ्याकडे वळला याचें पहिलें कारण म्हणजे कॅमेरा हलका झाला. १८८८ मध्यें अमेरिकेंत कोडॅकचा पेटीवजा कॅमेरा निघाला. चित्र काढण्याचें काम गिऱ्हाइकाकडे आणि धुण्याचें काम कारखान्याकडे, अशी वांटणी झाली. दुसरें कारण आगगाडी. १८६७ मध्यें ती मलकापूर, नांदुरा, शेगांव या मार्गानें नागपुरास पोहोंचली आणि बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागाला जग जवळ झालें. लोणार मात्र दक्षिणेला राहिलें. त्यामुळें माथेरान-महाबळेश्वरला जी सुटीची गर्दी झाली ती लोणारला फार उशिरा आली, आणि आली ती मोटारीनें.

पण लोणारला गर्दी मुळींच नव्हती असें म्हणतां येणार नाहीं. तळ्याच्या कांठीं, अगदीं पाण्याजवळ, कमळजादेवीचें देऊळ आहे. नवरात्रांत तेथें यात्रा भरते. दरी उतरून, झाडींतून वाट काढीत, डोक्यावर नैवेद्याची टोपली घेऊन चालणाऱ्या बायांची रांग हें या ठिकाणचें सर्वांत जुनें दृश्य. धारेवरहि शतकानुशतकें यात्रेकरू स्नान करीत आले. आतां पाहा, पाऊस संपल्यावर, आश्विनांत, दरी सर्वांत हिरवी असते. चित्र घेण्यास तोच काळ उत्तम, आणि देवीची यात्राहि त्याच काळांत. छायाचित्रकार ज्या दिवसांचा विसार घेतो ते दिवस देवीनें फार पूर्वींच आपल्याकडे राखून ठेवले आहेत.

शास्त्रज्ञांनीं लोणारला दुसरीच कीर्ति मिळवून दिली. आकाशांतून पडलेल्या पिंडाच्या आघातानें काळ्या खडकांत हें विवर झालें, हें १९७३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें पुराव्यानिशीं मांडलें. कठीण बेसाल्ट खडकांतील असें विवर पृथ्वीवर विरळा. म्हणून चंद्रावरच्या विवरांशीं त्याची तुलना होऊं लागली. २००० मध्यें या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला. मग जून २०२० मध्यें तळ्याचें पाणी एकाएकीं गुलाबी झालें. पाणी आटून खारटपणा वाढल्यामुळें मीठ मानवणारे सूक्ष्म जीव वाढले आणि त्यांनीं हा रंग आणला, असा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें काढला. रंग कायमचा नव्हता. पण तोंवर त्याचीं चित्रें उपग्रहावरून आणि खिशांतल्या फोनवरून जगभर पसरलीं होतीं. त्याच वर्षीं रामसर करारान्वयें महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादींत लोणारचा समावेश झाला. ज्या गांवाचें नांव भूगोलाच्या पुस्तकाबाहेर फारसें कोणी घेत नसे तें गांव चित्र काढण्यास जाण्याचें ठिकाण बनलें.

अशा ठिकाणीं खासगी चित्रण ठरविणें सोपें वाटतें, पण प्रत्यक्षांत पुष्कळ गोष्टी आड येतात. पहिली आड येते ती सूर्याची. गर्दी टाळावी म्हणून पहांटे यावें, तर विवराचा पूर्वेकडील कांठ उंच. वर कांठावर कोंवळें ऊन पसरतें तेव्हां तळाशीं अजून सांवली असते. पाण्याला सूर्य अर्ध्या तासाहूनहि उशिरा भेटतो. संध्याकाळीं हाच प्रकार उलट दिशेनें. म्हणजे कांठावरचें चित्र पहांटेचें आणि पाण्याजवळचें चित्र दिवस वर आल्यावरचें. तोंवर एकांताची वेळ टळलेली असते. अनुभवी छायाचित्रकार हें जाणतो आणि आधीं कांठ उरकून मग उतार धरतो. नवखा मनुष्य आधीं धांवत खालीं जातो आणि सांवलींत थांबून राहतो.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २८ व्या कलमांत अभयारण्यांत प्रवेश देण्याचीं जीं कारणें सांगितलीं आहेत त्यांत छायाचित्रण हें एक आहे. २०२२ च्या दुरुस्तीनें त्याला अशी अट जोडली कीं अधिवासांत कोणताहि बदल होतां कामा नये आणि वन्यजीवांस बाधा पोहोंचतां कामा नये. झाडाची फांदी मोडून चौकट मोकळी करणें, रंगीत धुराच्या नळ्या सोडणें, वाद्यें वाजविणें, हे प्रकार या अटींत बसत नाहींत, मग विसार कितीहि मोठा दिलेला असो. देवळांचा प्रश्न निराळा, कारण तीं पुराणवस्तु खात्याच्या संरक्षणाखालीं आहेत. साधा कॅमेरा हातीं धरून चित्र घेणाऱ्यास तेथें सहसां कोणी अडवीत नाहीं. तिपाई मांडली कीं परवानगी मागावी लागते. गिल आज तेथें आला असता तर त्याला प्रथम अर्ज लिहावा लागला असता.

तिसरी गोष्ट कायद्यांत नीटशी सांपडत नाहीं, आणि खरी अडचण तीच आहे. ज्यानें पैसे दिले त्यानें छायाचित्रकाराची वेळ विकत घेतली, जागा नव्हे. कमळजेला निघालेल्या म्हातारीला ‘जरा थांबा, चित्र चाललें आहे’ असें सांगण्याचा अधिकार त्या पैशांत येत नाहीं. धारेजवळ ओल्या वस्त्रानिशीं उभें असलेलें मनुष्य दुसऱ्याच्या चित्राच्या पार्श्वभूमींत उमटतें आणि तें चित्र कोठें जाणार हें त्याला कोणी विचारीत नाहीं. जनाना स्टुडिओंत जी मर्यादा गिऱ्हाइकाची राखली जात होती ती येथें गिऱ्हाइकापासून इतरांची राखावयाची आहे. ही गोष्ट गांवांतील छायाचित्रकारांस बाहेरच्यांपेक्षां चांगली कळते, कारण ज्या म्हातारीची वाट अडते ती कदाचित् त्यांच्याच आळींतील असते. ते यात्रेचे दिवस टाळून तारीख देतात. पाण्याकडे न जातां वरच्या कांठावरची एखादी शांत बाजू सुचवितात. बाहेरून आलेला मनुष्य पुष्कळदां हें ऐकत नाहीं. त्यानें कोणाच्या तरी चित्रांत पाहिलेली जागाच त्याला हवी असते.

मग तो खालीं उतरतो. देवळाच्या अलीकडे, झाडांच्या कडेला, छायाचित्रकार जोडप्याला उभें करतो आणि वाटेवरचीं माणसें सरकण्याची वाट पाहतो. आतांच्या कॅमेऱ्याला सेकंदाचा सूक्ष्म अंशहि पुरतो. चालता मनुष्य त्यांत पुसट होत नाहीं, जसाच्या तसा राहतो. म्हणून एक रांग जाते, दुसरी येते, आणि मधल्या मोकळ्या क्षणासाठीं सर्वजण थांबलेले असतात. नैवेद्याची टोपली घेतलेली एखादी बाई जातां जातां नवरीच्या शालूकडे पाहते, विचारते, ‘लेकी, लगीन कधीं हाय?’ आणि उत्तर ऐकून देवळाकडे चालूं लागते.