ड्रीम थिएटर : गायकाविना गेलेली दोन वर्षे

१/ इ.स. १९८९. ‘ड्रीम थिएटर’ या अमेरिकी प्रोग्रेसिव्ह मेटल बँडचा पहिला अल्बम आला आणि फारशी दखल घेतली न जाता मागे पडला. लवकरच गायक चार्ली डॉमिनिची बँडपासून वेगळे झाले.

२/ जॉन पेट्रुची, जॉन म्यंग आणि माइक पोर्टनॉय यांनी १९८५ साली बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकत असताना हा बँड उभारला होता. आता गायकाच्या शोधात जवळपास दोन वर्षे गेली. तालमी मात्र थांबल्या नाहीत. ‘मेट्रोपोलिस’सारख्या क्षणोक्षणी ताल बदलणाऱ्या दीर्घ रचना याच काळात आकाराला आल्या.

३/ १९९१च्या आरंभी कॅनडाहून आलेल्या एका ध्वनिफितीने हा शोध संपवला. आवाज होता जेम्स लाब्री यांचा.

४/ १९९२ साली ‘इमेजेस अँड वर्ड्स’ प्रसिद्ध झाला, तेव्हा वारे उलटे वाहत होते. ‘निर्वाणा’च्या ‘नेव्हरमाइंड’नंतर श्रोत्यांना ग्रंजच्या थेट, खरबरीत गाण्यांनी झपाटले होते. तरीही आठ मिनिटांहून मोठे ‘पुल मी अंडर’ रेडिओवर गाजले. त्याची संक्षिप्त चित्रफीत एमटीव्हीवर झळकली. पुढे अमेरिकेत अल्बमला ‘गोल्ड’ मानांकन मिळाले.

५/ या पुनरागमनाचे श्रेय बहुधा नव्या आवाजाला दिले जाते. लाब्री यांचा वाटा मोठा आहेच. पण ते आले तेव्हा अल्बममधील बरेचसे संगीत तयार होते. अपयशानंतर, गाणारा कोणी नसताना, चौघांनी ते रचले होते. इतिहासात ‘रिकामी’ म्हणून ओलांडली जाणारी वर्षे पुष्कळदा अशीच भरलेली असतात.