वर्दी एक, पगार वेगळे

कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यात मोठी आग लागली की एक बंब पुरत नाही. औद्योगिक वसाहतीचा बंब निघतो, दौंड नगरपरिषदेचा निघतो, वेळ पडली तर बारामतीलाही वर्दी जाते. पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडावर मास्क, हातात दाबाने उसळी मारणारा होज. सिलिंडरमधली हवा संपत आली की शिट्टी वाजते, ती सगळ्यांसाठी सारखीच वाजते. पगारपत्रके मात्र निरनिराळी असतात. शिरूर नगरपरिषद आणि रांजणगावची वसाहत यांचेही तेच. अग्निशमन जवानाचे वेतन धोक्यावरून नव्हे, आस्थापनेवरून ठरते. दुखण्याचे मूळ इथेच आहे.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांत घातली. महाराष्ट्राने २००६ मध्ये आग प्रतिबंधाचा स्वतंत्र अधिनियम केला. नियम राज्याचे, पण जवान पोसायचा तो स्थानिक संस्थेने. पुणे महापालिकेला जे झेपते ते दौंड-शिरूरच्या तिजोरीला झेपणार नाही, आणि आग तर नगरपरिषदेचे उत्पन्न पाहून लागत नाही.

निवृत्तिवेतनाची दरी याहून खोल आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर सरकारी सेवेत आलेल्यांची जुनी पेन्शन गेली, अंशदान योजना आली. २५ ऑगस्ट २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने एकीकृत निवृत्तिवेतन योजना मान्य केली. तीत शेवटच्या वर्षाच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के रकमेची हमी आहे, पण २५ वर्षांची सेवा हवी. ठेकेदाराकडे उमेदीची वर्षे घालवून उशिरा कायम झालेला जवान ही २५ वर्षे कुठून आणणार? आणि जो कायम झालाच नाही, त्याचा हिशेब पाहा. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनला वेतनमर्यादा १५,००० रुपयांची. २० वर्षे सेवा, त्यावर २ वर्षांची वाढ, गुणिले १५,०००, भागिले ७०. महिन्याला हाती पडतात सुमारे ४,७१४ रुपये. त्यात वर्षागणिक महागाईची भर नाही.

शरीराचा हिशेब तर कुणी मांडतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाचा व्यवसायच कर्करोगकारक ठरवला. श्वासातून, कातडीतून शिरलेला धूर निवृत्तीनंतर उठतो, तेव्हा अनेकांचे वैद्यकीय संरक्षण संपलेले असते.

म्हणून नुसती पगारवाढ पुरेशी नाही. धोका भत्ता निवृत्तिवेतनाच्या हिशेबात धरावा, कंत्राटी वर्षे सेवेत मोजावीत, पूर्ण पेन्शनसाठी २५ ऐवजी २० वर्षे ठेवावीत, निवृत्तीनंतरची कर्करोग तपासणी मोफत असावी. लहान नगरपरिषदांचा हा भार राज्याने थेट अनुदानातून उचलावा, कारण कुरकुंभ-रांजणगावच्या उद्योगांचा कर राज्यालाही मिळतो. दौंड आणि शिरूरच्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात मांडावी, ही त्यांना विनंती.