कापूस, कागद आणि १८६५ सालची मुंबई

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर बहुतेक वाचकांनीं पाहिलेला असेल. त्यासाठीं प्रेमचंद रायचंद यांनीं १८६४ सालीं दोन लक्ष रुपये दिले. पुढच्याच वर्षीं जो कोसळा झाला, त्यांत स्वतः प्रेमचंद व त्यांच्याबरोबर मुंबईंतील कित्येक व्यापारी बुडाले. हें कसें घडलें, तें अर्थशास्त्राची परिभाषा दूर ठेवूनही सांगतां येण्यासारखें आहे.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली व लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. त्यांची मागणी मुंबईकडे वळली आणि येथें पैशाचा पूर आला. येथपर्यंतची संपत्ति खरी होती. माल विकून आलेली होती. पण ती गुंतविण्यास जागा पुरेना, तेव्हां नव्या बँका व समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीचा पांच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला. जमीन अद्याप बहुतेक पाण्याखालींच होती!

आतां समजा, एका गृहस्थानें असा शेअर पांच हजारांना घेतला. भाव पन्नास हजार होतांच तो गहाण ठेवून त्यानें बँकेकडून तीस हजार काढले व त्यांचे आणखी शेअर घेतले. बँकेला वाटलें, तारण भक्कम आहे. गृहस्थाला वाटलें, आपण श्रीमंत झालों. परंतु त्या कागदाची किंमत पुढचें गिऱ्हाईक येईल, या भरंवशावर उभी होती. तें न आलें, तर कागदाचे पांच हजारही येत नाहींत. कर्ज मात्र तीस हजारांचेंच राहतें. संकटाचें मर्म एवढेंच.

एप्रिल १८६५ मध्यें जनरल ली शरण गेला. कापसाचे भाव कोसळले. १ जुलैला वायद्यांची फेड करावयाची होती. जो तो दुसऱ्याकडून येणें असलेल्या पैशावर विसंबलेला. मग फेडणार कोण? बँक ऑफ बॉम्बेनें १८६३ च्या कायद्यानें मिळालेली मुभा घेऊन शेअरांवर सढळ कर्जें दिलीं होतीं. तिचें बहुतेक भांडवल बुडालें व १८६८ सालीं ती गुंडाळावी लागली. सरकारही भागीदार आहे, म्हणून ज्यांनीं निश्चिंतपणें तिचे शेअर घेतले होते, त्यांचीही पुंजी गेली.

लोभाला दोष देणें सोपें आहे. परंतु लोभी मनुष्य फार तर स्वतः व आपलें घर बुडवितो. त्याच्या कागदावर परक्यांचा पैसा उसना देणारी पेढी हजारों घरें बुडविते. म्हणून आपला पैसा जिच्या हातीं आहे, तिनें तो कशाच्या तारणावर दिला आहे, हें विचारण्याचा संकोच गृहस्थानें करूं नये.