मृगाचा पाऊस, आषाढतळण आणि कांद्याचीं भजीं

मृगाची पहिली सर येऊन मातीचा वास सुटला कीं महाराष्ट्रांत घरोघर चुलीवर कढई चढते. ही चाल इतकी अंगवळणी पडली आहे कीं ती अनादि असावी असेंच पुष्कळांस वाटतें. परंतु कढईंत जें पडतें तें सर्व एका काळचें नाहीं. आणि त्यांतील एका जिनसामुळें एका प्रसिद्ध अभंगाच्या पाठाविषयींहि शंका उपस्थित होते. म्हणून हा विषय केवळ जिभेचा न मानतां येथें थोडा विचार केला आहे.

प्रथम वैद्यकाचें मत पाहूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील सहाव्या अध्यायांत ऋतुचर्या आली आहे. उन्हाळ्यानें आधींच मंदावलेला जठराग्नि वर्षाकाळीं अधिकच दुर्बळ होतो व वात प्रकुपित होतो. यास्तव जुने यव, गहूं व साळी खाव्या, यूष घ्यावे, असें तेथें सांगितलें आहे. तथापि ज्या दिवशीं वारा व पाऊस यांनीं गारठा पडला असेल त्या दिवशीं आंबट, खारट व स्निग्ध हे गुण ज्यांत स्पष्ट आहेत असें अन्न घ्यावें, असा खास निर्देशहि आहे. वाग्भटानें अष्टांगहृदयांत दुर्दिनासाठीं हाच नियम ठेवून अन्न कोरडें व हलकें असावें अशी पुस्ती जोडली आहे. भज्यांच्या ताटास चरकाची सनद मिळाली असें मात्र कोणीं समजूं नये. मीठ व स्नेह यांची पावसाळी दिवसाशीं घातलेली सांगड जुनी आहे, एवढेंच यावरून निघतें.

पाकक्रियेचा जवळचा पुरावा कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारीं सांपडतो. तिसरा सोमेश्वर याचा मानसोल्लास श. १०५१ (इ. स. ११२९) च्या सुमाराचा असून गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत त्याचे पहिले दोन भाग श्री. श्रीगोंदेकर यांनीं १९२५ व १९३९ सालीं प्रसिद्ध केले. त्यांतील अन्नभोगांत वर्षाकाळीं खारट पदार्थ घ्यावे असें म्हटलें आहे. तेथेंच 'पूरिका' सांगितली आहे ती आजची गव्हाची पुरी नव्हे. हरभऱ्याच्या पिठांत हिंगाचें पाणी, मीठ, साखर, मिरपूड व वेलदोडे घालून तें तेलांत तळावयाचें. म्हणजे नांव पुरीचें आणि द्रव्य बहुतेक भज्याचें. हरभऱ्याचें पीठ, हिंग, मीठ व तापलेलें तेल हा भज्याचा पाया अशा रीतीनें नऊशें वर्षांपूर्वीं सिद्ध होता.

त्यांत कांदा नाहीं, हें साहजिक आहे. मनुस्मृतीनें पलांडु द्विजांस वर्ज्य ठरविला. तेव्हां त्या वळणाच्या पाकग्रंथांत तो शोधणें व्यर्थ होय. ग्रंथांच्या या मौनावरून लोक कांदा खात नव्हते असें अनुमान काढणें मात्र चुकीचें ठरेल, कारण वैद्यकग्रंथ त्याचे गुणदोष सविस्तर देतात. कांदा कढईंत येण्याचें कारण माझ्या मतें बेगमींत आहे. उन्हाळी कांदा चैत्र-वैशाखांत काढून, वाळवून सांठवितात. हरभरा त्याआधींच घरांत आलेला असतो. पाऊस लागला कीं बाजार बंद, वाटा चिखलाच्या, ताजी भाजी अद्याप शेतांत उगवावयाची. अशा वेळीं घरांत हमखास असावयाचें तें पीठ, तेल आणि कांदा. शिवाय चातुर्मासांत कांदा-लसूण सोडणाऱ्या घरीं आषाढ शुद्ध एकादशीपूर्वीं तो खाऊन घेण्याची घाई असे. मृग लागतो जूनच्या ७-८ तारखेस. कांदेनवमी येते आषाढ शुद्ध ९ ला. पहिला पाऊस आणि कांद्याचीं भजीं यांची जोडी या घरांपुरती तरी या दोन तिथींच्या मधल्या दिवसांत जमली असावी.

आतां मिरचीकडे वळूं. ही मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांच्या द्वारें १६ व्या शतकांत ती या किनाऱ्यावर आली आणि जुन्या मरिचाचें, म्हणजे मिऱ्याचें, नांव तिनें घेतलें. असें असतां श. १२१७ (इ. स. १२९५) मध्यें समाधिस्थ झालेल्या सावता माळी यांच्या नांवावरील मळ्याच्या अभंगांत कांद्याप्रमाणें मिरचीचाहि उल्लेख प्रचलित पाठांत येतो! तेथें मिरची म्हणजे मिरें समजावें असें कोणी म्हणेल; पण मिऱ्याचा वेल सह्याद्रीच्या पश्चिमेकडील ओल्या हवेंतला, अरणच्या कोरड्या मुलखांतल्या मळ्यांत तो कोठून येणार? म्हणून सबंध अभंग प्रक्षिप्त ठरविण्याचें कारण नाहीं. गातां गातां एखादा शब्द बदलणें हें मौखिक परंपरेंत नित्याचें आहे. ज्यांच्या संग्रहीं वारकरी बाडें असतील त्यांनीं हा एक शब्द व बाडाचा लेखनकाल ताडून पाहावा.

घरगुती कागदांकडेहि आमची दृष्टि वळली पाहिजे. दप्तरांत मेजवान्यांच्या याद्या टिकल्या. सवाई माधवरावांच्या १७८३ च्या लग्नाची व्यवस्था आपणांस तपशीलवार वाचतां येते. पावसाच्या दिवशीं घरच्याच पिठाचीं तळलेलीं भजीं किंवा आषाढतळणाच्या तिखटमिठाच्या पुऱ्या व कापण्या यांस निराळी खरेदी लागत नव्हती, म्हणून त्यांची नोंद जमाखर्चांत पडण्याचें कारणच नव्हतें. तंजावरशीं संबंध असलेल्या रघुनाथ नवहस्तांचें भोजनकुतूहल (प्रा. गोडे यांच्या मतें इ. स. १६७५-१७००) पंडितांच्या हातीं असल्यामुळें जपलें गेलें. स्त्रियांच्या टिपणवह्या तेलाच्या डागांसह रद्दींत जातात. अशी वही मिळाल्यास तिच्यांत तिखटासाठीं मिरें सांगितलें आहे कीं मिरची, हें आधीं पाहावें. केवळ मिरें असल्यास ती कृति जुन्या पाठावरून उतरलेली असण्याचा संभव आहे. मात्र श्राद्धाच्या स्वयंपाकांत मिरची वर्ज्य करून मिरेंच घालण्याचा प्रघात कित्येक घरीं आहे, तेव्हां कृति कोणत्या प्रसंगाची हें पाहिल्यावांचून काल ठरवूं नये.