टोपीची पिन आणि बंद पडलेली मोटार

१/ कार्ब्युरेटरची जुनी गाडी रस्त्यात बंद पडली, की मुरलेला मेकॅनिक आधी दोनच गोष्टी पाहतो: पेट्रोल येतंय का आणि करंट येतोय का. या दोन प्रश्नांचा इतिहास मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासापर्यंत मागे जातो. तो प्रवास बर्था बेंझ यांचा.

२/ कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी जर्मनीत आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. यंत्र सिद्ध झाले, पण गिऱ्हाईक मिळेना. बर्था यांनी विवाहापूर्वीच आपल्या हुंड्याची रक्कम कार्ल यांच्या व्यवसायात घातली होती. गाडीचे अपयश हे त्यांचेही अपयश ठरणार होते.

३/ ऑगस्ट १८८८. पतीला न सांगता बर्था, युजेन आणि रिचर्ड या दोन मुलांसह पहाटेच मानहाइमहून निघाल्या. माहेरचे फोर्त्सहाइम सुमारे १०० किलोमीटरवर. वाट घोडागाड्यांची; पेट्रोल पंप तेव्हा अस्तित्वातच नव्हता.

४/ पहिली चिंता इंधनाची. गाडीला स्वतंत्र टाकी नव्हती. कार्ब्युरेटरमध्येच सुमारे साडेचार लिटर इंधन मावे. त्याची वाफ हवेत मिसळून सिलिंडरमध्ये जाई. हे इंधन म्हणजे लिग्रोइन, त्या काळी औषधाच्या दुकानात मिळणारा द्रव. बर्था यांनी तो विस्लोख गावात विकत घेतला. ते दुकान आज जगातील पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखले जाते.

५/ पुढे इंधनाची नळी तुंबली. बर्था यांनी टोपीची लांब पिन काढून ती मोकळी केली. ‘कचरा आलाय’ म्हणत जेट काढून त्यात फुंकर मारणारा मेकॅनिक पुढे शतकभर हेच काम करत आला.

६/ दुसरा दोष ठिणगीचा. बॅटरीची वीज कॉइलमध्ये उच्च दाबाची होते आणि प्लगच्या फटीत ठिणगी पाडते. तारेवरचे आवरण झिजले, की ती वीज प्लगपर्यंत न जाता वाटेतच गाडीच्या धातूत उतरते. बर्था यांनी पायमोजा धरून ठेवणारा लवचिक पट्टा वापरून तार झाकली.

७/ ही हकीकत बहुधा गमतीने सांगितली जाते, आणि पिन व पट्टाच तेवढे लक्षात राहतात. पण इंधन अडो वा ठिणगी हरवो, बंद पडलेले इंजिन बाहेरून सारखेच दिसते. नेमका दोष कोठे आहे हे आधी ओळखावे लागते. बर्था यांचे खरे कर्तृत्व या निदानात आहे.

८/ संध्याकाळी फोर्त्सहाइमला पोहोचताच त्यांनी पतीला तार केली. चढावर गाडी ढकलावी लागली होती. त्या अनुभवावरून कार्ल यांनी पुढे गाडीला चढासाठी आणखी एक गिअर जोडला.

९/ या निदानाची परंपरा आपल्या मुंबईनेही पाहिली. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी म्हणून धावत असताना बॉनेट उघडून प्लग पुसणारा, पॉइंट घासणारा चालक रस्त्याकडेला हमखास दिसे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने शहराचा निरोप घेतला. आजच्या गाडीत हे निदान बरेचसे संगणक करतो. प्रश्न मात्र १८८८ चेच आहेत.