बडा दिन, डाली आणि कामट्यांचा तारा

पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

परवा बाजाराच्या दिवशी गोरेगावात एका इलेक्ट्रिकच्या दुकानात बल्ब घ्यायला थांबलो होतो. दिवाळीत न खपलेले आकाशकंदील अजून दोरीला लटकलेले होते. प्लास्टिकचे, पाच टोकांचे. म्हटलं, दिवाळी कधीच सरली, अजून काढले नाहीत का? दुकानदार ओळखीचा. म्हणाला, "भाऊ, नाताळ आला ना आता. शाळेवाले नेतेत. दिवाळीत कंदील म्हणून ऐंशीला होता, आता स्टार म्हणून शंभरला." दोघंही हसलो.

घरी आलो तर पोरीच्या शाळेच्या ग्रुपवर मेसेज. नाताळच्या कार्यक्रमाला लेकरांनी लाल सांताचा ड्रेस घालून यावं, सोबत दीडशे रुपयांपर्यंतचं एक गिफ्ट पॅक करून आणावं. ड्रेस भाड्यानं अडीचशे. म्हणजे चारशे रुपये. त्या वर्गात तूर कापायला रोजानं जाणाऱ्या मायबापांचीही लेकरं आहेत. एका दिवसाच्या मजुरीत हे बसत नाही. ग्रुपवर वाद सुरू झाला, पण तो या चारशे रुपयांवर नव्हताच. एक बाजू म्हणे, हे आपले सण नाहीत. दुसरी म्हणे, जग कुठं चाललंय आणि तुम्ही कुठं आहात. दोन दिवस हेच. हा सण आपल्या भागात आला कसा, त्यात कोण कुणाला काय द्यायचं आणि घर कशानं सजवायचं, हे कुणी विचारलं नाही. म्हणून लिहितोय.

सुरुवात आपल्या जिल्ह्याच्या गावापासून करू. हिंगोलीला इंग्रजांच्या काळात लष्करी छावणी होती, हे आता जुन्या माणसांनाच माहीत असतं. हैदराबाद कंटिन्जन्ट म्हणून जी फौज होती, तिच्या ठाण्यांपैकी हिंगोली एक, जालना दुसरं. फौजेचा खर्च निजामाच्या माथी, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. याच खर्चापायी निजामाला १८५३ च्या तहात वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावा लागला. आपल्या सेनगाव तालुक्याची शीव ओलांडली की वाशिम लागतं आणि तिथले महसुलाचे कागद वेगळे दिसतात, त्याचं मूळ इथं आहे. १९०३ साली ही फौज इंग्रजांच्या हिंदी लष्करात मिसळली आणि निजामाच्या मुलखातल्या या छावण्यांचा जुना थाट संपला.

जिथं साहेब तिथं 'बडा दिन'. नाताळला हिंदुस्थानात हेच नाव पडलं होतं. त्या दिवशी बंगल्याच्या फाटकाला केळीचे खांब आणि झेंडूच्या माळा लागत. हे काम साहेबाचं नसे, माळी आणि नोकरचाकर करत. त्यांना दारावरची सजावट म्हणजे केळी, झेंडू आणि आंब्याचे टहाळे हीच माहीत होती, तीच त्यांनी साहेबाच्या सणाला लावली.

आणि मग यायची डाली. डाली म्हणजे टोपली किंवा ताट. त्यात फळं, बदाम-किसमिस, मिठाई, पुढं पुढं केक, कधी दारूच्या बाटल्या, आणि वर फुलं. आणणारे कोण? ठेकेदार, सावकार, जमीनदार, हाताखालचे कारकून. बड्या दिवशी सकाळी हे लोक डाली घेऊन साहेबाच्या ओट्यापुढं उभे राहायचे. ही चाल इतकी रुळली की इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या बोलीशब्दांचा १८८६ साली जो मोठा कोश छापला, त्यात 'बडा दिन' आणि 'डाली' या दोन्ही शब्दांना जागा मिळाली. शेवटी सरकारी नोकरानं फळं-फुलं सोडून काही घेऊ नये, असे नियम करायची वेळ सरकारवर आली. निजामाच्या दरबारात नजराणा होताच. आपल्या मराठवाड्याला वर काहीतरी चढवायची सवय दोन्हीकडून लागलेली.

आता त्याच काळातली दुसरी गोष्ट. तीही याच मुलखातली.

नारायण शेषाद्री नावाचे एक ब्राह्मण तरुण १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत तेव्हा पोरसवदा होता, तोही मिशनऱ्यांकडं जाऊन राहिला. प्रकरण कोर्टात गेलं, पोरगा बापाच्या ताब्यात आला, पण जातीत परत घ्यायचा की नाही यावर मुंबईत रण माजलं. त्याला घ्यावं म्हणून उभे राहिले ते बाळशास्त्री जांभेकर, ज्यांच्या 'दर्पण'मुळं आपण ६ जानेवारीला पत्रकार दिन करतो. त्यासाठी त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. (पत्रकार दिनाच्या भाषणांत हे सहसा कुणी सांगत नाही.) नारायण मात्र ख्रिस्तीच राहिले, पाद्री झाले, स्कॉटलंडच्या फ्री चर्च मिशनतर्फे जालन्याला आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाली आणि जालन्याजवळ 'बेथेल' नावाचं गाव वसलं. तिथं आलेली माणसं मुख्यतः मातंग आणि महार समाजातली, ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं ती.

आता १८४३ हे साल लक्षात ठेवा. पहिलं छापील नाताळचं भेटकार्ड लंडनमध्ये निघालं तेही १८४३ साली. हेन्री कोल नावाच्या गृहस्थानं काढून घेतलं, किंमत एक शिलिंग. राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं नाताळच्या झाडाभोवतीचं चित्र लंडनच्या साप्ताहिकात छापून आलं १८४८ साली. त्यानंतर ती मूळची जर्मन चाल इंग्रजांच्या घरोघरी पसरली. लाल कपड्यातला, ढेरपोट्या, हसरा सांता अमेरिकेत चितारला गेला तो त्याच शतकात. म्हणजे आज ज्याला आपण 'नाताळची परंपरा' म्हणून बाजारातून विकत आणतो, तो पुष्कळसा माल मराठी ख्रिस्ती माणसाच्या बरोबरीचा किंवा त्याच्यापेक्षा लहान आहे.

याहून गंमत पुढं आहे. स्कॉटलंडचे हे मिशनरी ज्या पंथाचे, त्या पंथाला नाताळ मंजूरच नव्हता. बायबलात तारीख नाही, सण कशाचा करायचा, असं त्यांचं म्हणणं. स्कॉटलंडच्या पार्लमेंटनं १६४० साली नाताळची सुटी बंद केली आणि तिथं २५ डिसेंबर सार्वजनिक सुटी झाली ती १९५८ साली! इकडं अहमदनगरला काम करणारं अमेरिकन मराठी मिशन आलं बोस्टनकडून. ज्यांनी १८४२ साली 'ज्ञानोदय' सुरू केला, तेच हे मिशन. त्या मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ ते १६८१ नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. एकोणिसाव्या शतकात हे सगळं सैल होत गेलं, मिशनच्या शाळांत बाहुल्या आणि चित्रकार्डंही वाटली जाऊ लागली. पण जालना-नगरच्या गरीब ख्रिस्ती माणसाला गोऱ्या पाद्र्यानं तयार नाताळ, सजावटीसकट, पेटीत घालून दिला, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरा बघावं. देणाऱ्याच्याच घरात तो धड नव्हता.

मग इथल्या माणसानं सण सजवला कशानं? माझ्या मते, जे हाताशी होतं त्यानं. आणि हाताशी होती दिवाळी.

हे मी पुस्तकात वाचून बोलत नाही. पत्रकारितेची पदविका करताना औरंगाबादेत खोली करून राहायचो. खोलीत एक जोडीदार होता, जालना जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरातला. एका नाताळला त्याच्या गावी गेलो. चार दिवस राहिलो. त्याचे वडील अंगणात बसून तारा बांधत होते. बुरुडाकडून आणलेल्या कामट्या. पाच कामट्यांचा एक तारा, तसाच दुसरा. दोन्ही एकमेकांवर ठेवून पाच टोकं दोऱ्यानं घट्ट बांधायची. मग आत, जिथं कामट्या एकमेकींना छेदतात, तिथं बोटभर लांबीचे पाच तुकडे उभे अडकवायचे. की तारा फुगतो. वरून पतंगी कागद, चिकटवायला कणकेची खळ. एक बाजू उघडी ठेवायची, दिवा ठेवायला. मी म्हटलं, काका, हा तर आकाशकंदील. ते म्हणाले, "मग? कामट्याला काय ठाऊक कुणाच्या दारात लागायचंय."

झाड म्हणून सुरूची फांदी डब्यात रोवलेली. तिच्यावर बर्फ पाहिजे, तर बर्फ होता घरच्या शेतातला कापूस. आपल्या भागात बर्फ म्हटलं की गारपीटच आठवते, पण कापूस वेचून ठेवलेला असतोच. देवळाला (ते चर्चला देऊळच म्हणायचे) पताका, आंब्याचं तोरण, दारात रांगोळी. रात्री टाळ-पेटीवर भजनं. ना. वा. टिळकांनी उपासनेचा देशी थाट धरला, अभंग रचले, कीर्तनं केली, त्याचा वारसा असा खेड्यापाड्यांत पोचलेला. दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर सगळ्यांचं एकत्र जेवण. त्याला प्रीतिभोजन म्हणतात.

आणि भेट? भेट म्हणजे फराळ. करंजी, लाडू, चकली, चिवडा. आजीनं ताटं भरली, वर रुमाल झाकला आणि आम्हा दोघांना पिटाळलं. शेजारी मराठा, पलीकडं मुसलमान, कोपऱ्यावर वाण्याचं घर. कुठूनच ताट मोकळं परत आलं नाही. कुणी साखर घातली, कुणी मूठभर शेंगदाणे, वाण्याच्या घरून गुळाचा खडा. आजी म्हणाली, दिवाळीला त्यांची ताटं येतात, तेव्हा आपण असंच करतो. कुणाच्या ताटात किती आलं, याचा हिशेब कुणाला माहीत नव्हता. झाकलेलंच जायचं आणि झाकलेलंच यायचं.

कोकणपट्टीत ही गोष्ट तीनशे वर्षं आधीच घडली होती. 'नाताळ' हा शब्दच पोर्तुगिजांचा, जन्म या अर्थाचा. पाव, बटाटा, चावी यांच्यासारखाच आपल्यात मुरला. वसई चिमाजीअप्पांनी १७३९ साली घेतली, पोर्तुगीज गेले, तिथले ख्रिस्ती राहिले आणि नाताळही राहिला. गोव्यात नाताळच्या ताटात नेवऱ्या असतात, म्हणजे आपल्या करंज्याच. दोदोल असतो, कुलकुलं असतात, आणि ताट हिंदू शेजाऱ्याकडं जातं. चवथीला तिकडून येतं. गव्हाणीच्या देखाव्यात हिरवं शेत दिसावं म्हणून आधीच धान्य पेरून रोपं उगवतात. आपल्या घटाला आणि दिवाळीच्या किल्ल्याला आपण दुसरं काय करतो?

राहिला सांता. त्याचं मूळ म्हणजे निकोलस, चौथ्या शतकातला, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा बिशप. त्याची सगळ्यात प्रसिद्ध दंतकथा अशी की एका नडलेल्या बापाला तीन मुली. लग्नाला पैसा नाही, बाप खचलेला. निकोलसनं रात्री अंधारात खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. एकीचं लग्न झालं, मग दुसरीसाठी, मग तिसरीसाठी. कुणी टाकली ते कळू नये म्हणून रात्रीच यायचा. मराठवाड्यात ही गोष्ट कुणाला समजावून सांगायची गरज नाही. तीन मुलींचा, कर्जातला बाप आपण सगळ्यांनी पाहिलाय. काहींच्या बातम्या मी स्वतः दिल्यात. माझ्या पोरीच्या शाळेत मात्र त्या निकोलसच्या नावानं त्याच बापाकडून चारशे रुपये मागतात.

डालीकडं परत येतो, कारण ती गेलेली नाही. इंग्रज गेले, बडा दिन गेला, डाली दिवाळीवर येऊन बसली. दिवाळीच्या आठवड्यात कुठल्याही तालुक्याच्या कचेरीबाहेर गाड्यांच्या डिक्क्या बघा. सुक्या मेव्याचे डबे उतरतात. महाराष्ट्राच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांतही भेटवस्तूंवर बंधन आहे, म्हणजे नियमही इंग्रजांच्या वेळेसारखाच आहे आणि डबाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर आम्हा वार्ताहरांच्या घरीही येतो. पुढाऱ्याचा येतो, ठेकेदाराचा येतो. माझ्याही घरी आलाय. तीन वर्षांपूर्वी एका पुलाच्या कामाची बातमी हातात होती आणि डबा ओट्यावर. बातमी दिली, पण आठ दिवस उशिरा आणि नाव न घेता. त्या डब्यात काजू होते. ते ताट नव्हतं, कारण त्यात परत काय घालायचं हे त्यानं आधीच ठरवलेलं होतं.

शाळेच्या ग्रुपवर मी एवढंच लिहिलं, की लाल ड्रेस सक्तीचा करू नका, गिफ्टऐवजी प्रत्येकानं घरातला काहीही खाऊ आणावा आणि एकत्र बसून खावा, आणि कंदील लेकरांकडून वर्गातच करून घ्या, बांबू मी देतो. दोन अंगठे आले. मॅडमचं उत्तर अजून नाही.

तोवर घरी सुरुवात केली आहे. कामट्या तासून झाल्या, काल रात्री पोरीनं पहिला तारा बांधला, जरा वाकडा झालाय. पतंगी कागद गोरेगावात कुठं मिळाला नाही. संक्रांतीला येईल म्हणाले. उद्या हिंगोलीला काम आहे, तिथून आणतो. जालन्याच्या मित्राला फोटो पाठवला तर त्याचा लगेच फोन, "आतले पाच तुकडे बारीक झालेत, अजून बोटभर मोठे कर, नाहीतर फुगायचा नाही."