क्लॅट : पाठांतराची नव्हे, वाचनाची परीक्षा

देशातील राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या पाच वर्षांच्या एकात्मिक पदवी अभ्यासक्रमात प्रवेश मिळवण्याचा प्रमुख मार्ग म्हणजे सामाईक विधी प्रवेश परीक्षा, अर्थात क्लॅट. बारावीच्या कोणत्याही शाखेचा विद्यार्थी ही परीक्षा देऊ शकतो. मात्र ती केवळ इंग्रजीतून होते आणि आता बारावीच्या बोर्ड परीक्षेआधीच, डिसेंबरमध्ये घेतली जाते. त्यामुळे मराठी माध्यमातून शिकलेल्या किंवा तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या विद्यार्थ्याला तिची माहिती उशिरा मिळाली, तर एक संपूर्ण वर्ष हातचे जाते. परीक्षेचे स्वरूप, अर्जाची रीत आणि क्लॅटखेरीज खुले असलेले मार्ग यांचा हा आढावा.

पार्श्वभूमी

पाच वर्षांच्या आधुनिक विधी शिक्षणाचा पाया बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूल ऑफ इंडिया युनिव्हर्सिटीने घातला. कर्नाटक विधिमंडळाच्या १९८६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या संस्थेत १९८८ मध्ये अध्यापन सुरू झाले. एन. आर. माधव मेनन हे तिचे संस्थापक संचालक होते. या धर्तीवर हैदराबाद, भोपाळ, कोलकाता, जोधपूर, रायपूर आणि गांधीनगर येथे विद्यापीठे उभी राहिली. परंतु प्रत्येकाची प्रवेश परीक्षा वेगळी होती. एकाच विद्यार्थ्याला अनेक अर्ज, अनेक शुल्के आणि अनेक प्रवास यांचा भार सोसावा लागे, आणि दोन परीक्षा एकाच दिवशी आल्यास एकीवर पाणी सोडावे लागे.

या अडचणीविरुद्ध २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. त्यानंतर नोव्हेंबर २००७ मध्ये सात विद्यापीठांनी सामंजस्य करार केला आणि ११ मे २००८ रोजी पहिली क्लॅट पार पडली. सुरुवातीला विद्यापीठे आळीपाळीने परीक्षा घेत असत. २०१७ मध्ये विद्यापीठांचा कन्सोर्टियम स्थापन झाला आणि २०१९ पासून परीक्षेची जबाबदारी त्याच्याकडे आली. सहभागी विद्यापीठांची संख्या आता वीसहून अधिक असून त्यांत मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील तिन्ही महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा समावेश आहे. दिल्लीचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ मात्र या व्यवस्थेत नाही. तेथील प्रवेशासाठी ऐलेट ही स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते.

परीक्षेचे स्वरूप

पदवी अभ्यासक्रमासाठीच्या क्लॅटमध्ये दोन तासांत १२० बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात. बरोबर उत्तरास एक गुण मिळतो आणि चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा होतो. प्रश्नपत्रिकेचे पाच भाग आहेत. चालू घडामोडी व सामान्यज्ञान आणि विधीविषयक तर्क या दोन भागांना प्रत्येकी सुमारे २५ टक्के भार असतो. इंग्रजी भाषा आणि तार्किक विचार यांना प्रत्येकी सुमारे २० टक्के, तर गणिताला सुमारे १० टक्के. गणित दहावीच्या पातळीचे असते.

२०२० पासून या परीक्षेत मूलभूत बदल झाला. पूर्वी सुटे, एकेका ओळीचे प्रश्न असत. आता जवळजवळ सर्व प्रश्न उताऱ्यांवर आधारलेले असतात. एक उतारा साधारण ४५० शब्दांपर्यंतचा असतो आणि त्याखाली काही प्रश्न दिलेले असतात. गणिताच्या भागात माहितीचा छोटा उतारा, तक्ता किंवा आलेख असतो. हिशेब केला, तर दोन तासांत उमेदवाराला सुमारे दहा हजार शब्दांचे इंग्रजी वाचून, समजून घेऊन उत्तरे द्यायची असतात. अनेक हुशार विद्यार्थी येथेच मागे पडतात. त्यांचे ज्ञान कमी नसते; वाचनाचा वेग कमी पडतो.

कायदा येणे आवश्यक नाही

विधीविषयक तर्काच्या भागाची विद्यार्थ्यांना सर्वाधिक धास्ती असते. प्रत्यक्षात या भागासाठी कायद्याचे पूर्वज्ञान अपेक्षित नाही. नियम उताऱ्यातच दिलेला असतो. तो समजून घेऊन दिलेल्या प्रसंगास लावणे, एवढीच कसोटी असते.

उदाहरणार्थ, उताऱ्यात पुढील नियम दिला आहे असे समजू : निसटल्यास हानी करू शकेल अशी वस्तू जो आपल्या जागेत आणून साठवतो, तो त्या वस्तूने केलेल्या हानीस स्वतः निष्काळजी नसला तरी जबाबदार असतो; मात्र नुकसान सोसणाऱ्याच्याच कृतीमुळे हानी झाली असल्यास तो जबाबदार नसतो. प्रसंग असा, की एका कारखानदाराने सर्व दक्षता घेऊन रसायनाची टाकी बांधली, तरीही गळती झाली आणि शेजारचा ऊस जळाला. ‘त्याने काळजी घेतली होती, मग त्याचा काय दोष?’ या भावनेने उत्तर देणारा विद्यार्थी चुकतो, कारण येथे काळजी घेतली की नाही हा प्रश्नच नियमाने बाद ठरवला आहे. आता प्रसंग बदलून, शेतकऱ्यानेच टाकीची नळी फोडली असे दिले, तर उत्तरही बदलते आणि कारखानदार जबाबदार ठरत नाही.

या उदाहरणात आणखी एक सापळा आहे. हा नियम इंग्लंडमधील १८६८ च्या रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या निकालातून आलेला आहे. दिल्लीतील श्रीराम कारखान्याच्या वायुगळतीनंतर भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता खटल्यात धोकादायक उद्योगांसाठी अधिक कठोर तत्त्व स्वीकारले आणि त्यात कोणताही अपवाद ठेवला नाही. ही माहिती पाठ असलेला विद्यार्थी दुसऱ्या प्रसंगातही कारखानदारालाच जबाबदार धरील आणि त्याचा गुण जाईल. प्रश्न उताऱ्यातील नियमावर असेल, तर उत्तरही त्याच नियमाने द्यायचे असते. अर्धवट पाठ केलेला कायदा या परीक्षेत मदतीपेक्षा अडथळाच अधिक करतो.

तयारीची दिशा

अकरावीच्या प्रारंभी तयारी सुरू केल्यास सुमारे दीड वर्ष हाती राहते. त्यातील पहिले सहा महिने प्रामुख्याने वाचनासाठी असावेत. एखाद्या इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख आणि एक विश्लेषणात्मक लेख रोज घड्याळ लावून वाचावा. त्यानंतर लेखकाचे मुख्य म्हणणे, त्यासाठी दिलेली कारणे आणि गृहीत धरलेल्या गोष्टी दोन-तीन वाक्यांत लिहून काढाव्यात. या एका सवयीने इंग्रजी, तर्क आणि चालू घडामोडी या तिन्ही भागांची तयारी एकाच वेळी होते.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना एक चांगले साधन अलीकडे उपलब्ध झाले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या अनेक निकालांचे मराठी अनुवाद न्यायालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. निकालाचा एखादा भाग आधी मराठीत वाचून मग मूळ इंग्रजी वाचल्यास शब्दांचा अर्थ पाठ करावा लागत नाही, तो संदर्भातून मनात ठसतो. राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाचा ‘न्याय व्यवहार कोश’ही येथे उपयोगी पडतो.

चालू घडामोडींसाठी परीक्षेपूर्वीच्या साधारण वर्षभरातील घटनांवर भर द्यावा. नुसत्या तारखांची यादी पुरेशी नाही. एखादा कायदा का आला, त्याला कोणी आव्हान दिले आणि न्यायालयाने काय ठरवले, ही साखळी लक्षात असावी. कन्सोर्टियमच्या संकेतस्थळावरील जुन्या प्रश्नपत्रिका हे सर्वांत विश्वासार्ह सराव साहित्य होय. सराव चाचणीला दोन तास दिले, तर तिच्या परीक्षणालाही तेवढाच वेळ द्यावा. चूक न वाचल्यामुळे झाली, न समजल्यामुळे झाली की घाईमुळे, याची वेगवेगळी नोंद ठेवल्यास पुढील दिशा आपोआप स्पष्ट होते.

वजा गुणांचे गणितही ध्यानात असावे. १२० प्रश्न सोडवून ८४ बरोबर आणि ३६ चूक आल्यास हाती ७५ गुण उरतात. ९६ प्रश्न सोडवून ८० बरोबर आणि १६ चूक आल्यास ७६ मिळतात. सर्व प्रश्नांना हात लावणारा नेहमीच पुढे जातो असे नाही. मात्र चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद करता येत असतील, तर प्रश्न सोडून देणेही शहाणपणाचे नाही.

अर्ज भरताना

गेल्या काही वर्षांत क्लॅटची अधिसूचना उन्हाळ्यानंतर निघून अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत स्वीकारले गेले आहेत. २०२६ च्या प्रवेशांसाठीची परीक्षा ७ डिसेंबर २०२५ रोजी झाली. म्हणजे बारावीचे वर्ष सुरू होताच अर्जाची तयारी हवी. खुल्या प्रवर्गासाठी बारावीत किमान ४५ टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुणांची अट आहे. बारावीला बसणारे विद्यार्थीही अर्ज करू शकतात. कमाल वयोमर्यादा नाही.

अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच असावी. जातीचे, नॉन-क्रीमिलेअर, अधिवास किंवा दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे. तहसील कार्यालयातील दाखल्याला लागणारा वेळ प्रवेशाची मुदत वाढवत नाही.

अधिवासाच्या नियमाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. ही विद्यापीठे त्या त्या राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली असल्याने प्रत्येकाचे आरक्षण वेगळे आहे आणि अनेक ठिकाणी स्थानिक विद्यार्थ्यांसाठी जागा राखीव आहेत. हा लाभ मातृभाषेवर अवलंबून नसतो. इंदूरमध्ये वाढलेल्या मराठी विद्यार्थ्याचा दावा मध्य प्रदेशातील जागांवर असू शकतो. महाराष्ट्रातील राखीव जागांसाठी त्याला महाराष्ट्राच्या अटी पूर्ण कराव्या लागतील.

निकालानंतर समुपदेशन फेरीत विद्यापीठांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. जागा मिळाल्यावर ती कायम करणे, ती राखून वरच्या पसंतीची वाट पाहणे किंवा प्रक्रियेतून बाहेर पडणे, असे पर्याय असतात. ठरलेल्या मुदतीत शुल्क न भरल्यास जागा जाते. समान गुण मिळाल्यास विधीविषयक तर्कातील गुण आधी पाहिले जातात, त्यानंतर वय. तात्पुरती उत्तरतालिका प्रसिद्ध होताच ती तपासून मुदतीत आक्षेप नोंदवणे हाही उमेदवाराचा हक्क आहे. डिसेंबर २०२४ च्या परीक्षेतील काही उत्तरांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२५ मध्ये गुणवत्ता यादी सुधारण्याचा आदेश झाला.

भाषा आणि खर्च

संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार सर्वोच्च न्यायालयाची व सर्वसाधारणपणे उच्च न्यायालयांची भाषा इंग्रजी आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांतील अध्यापनही इंग्रजीतून चालते. परंतु महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांत मराठीला स्थान आहे आणि सामान्य माणसाचा न्यायाशी पहिला संबंध तेथेच येतो. परीक्षा केवळ इंग्रजीतून घेणे हा इतर माध्यमांतील विद्यार्थ्यांवर अन्याय असल्याचे सांगत २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. डिसेंबर २०२५ ची परीक्षा मात्र इंग्रजीतूनच झाली.

दुसरा अडसर पैशाचा. केवळ अर्जाचे शुल्कच खुल्या प्रवर्गासाठी ४,००० रुपये राहिले आहे. अनेक विद्यापीठांत शिक्षण, वसतिगृह आणि भोजन यांचा वार्षिक खर्च काही लाखांच्या घरात जातो. पसंतीक्रम देण्यापूर्वी त्या विद्यापीठाची शुल्कमाफी, राज्य व केंद्राच्या शिष्यवृत्त्या आणि शैक्षणिक कर्ज यांची चौकशी करणे हिताचे. वंचित घटकांतील विद्यार्थ्यांना या परीक्षेसाठी प्रशिक्षण देण्याच्या हेतूने कायद्याचे अध्यापक शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये ‘इडिया’ हा उपक्रम सुरू केला. बशीर यांचे २०१९ मध्ये निधन झाले. त्यांनी मांडलेला प्रश्न आजही कायम आहे.

इतर मार्ग

क्लॅटमधील अपयश म्हणजे वकिलीचा मार्ग बंद होणे नव्हे. महाराष्ट्रातील विधी महाविद्यालयांसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष पाच वर्षांच्या आणि पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांची स्वतंत्र परीक्षा घेतो. ही परीक्षा मराठीतही देता येते आणि तीत चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत. १८५५ चे मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय आणि १९२४ चे पुण्याचे आयएलएस विधी महाविद्यालय येथील प्रवेश याच मार्गाने होतात. परीक्षेनंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी वेगळी नोंदणी करावी लागते. ती विसरल्यास चांगले गुणही वाया जातात. पदवीधरांना बंगळुरूच्या विद्यापीठाने २०२२ पासून सुरू केलेला तीन वर्षांचा अभ्यासक्रमही खुला असून त्यासाठी त्या विद्यापीठाची स्वतंत्र परीक्षा असते.

महाविद्यालय कोणतेही असो, त्यास भारतीय विधिज्ञ परिषदेची मान्यता आहे की नाही हे तपासणे अनिवार्य समजावे. दूरशिक्षणाने मिळवलेल्या कायद्याच्या पदवीवर वकिलीची सनद मिळत नाही. पदवीनंतर राज्य विधिज्ञ परिषदेकडे नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा हे टप्पे सर्वांना सारखेच आहेत. न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. तालुक्याच्या न्यायालयात उभ्या राहणाऱ्या वकिलाला अशिलाचे म्हणणे मराठीत ऐकून, इंग्रजीतील निकाल वाचून, दोहोंचा मेळ घालावा लागतो. क्लॅटसाठी लावलेली वाचनाची सवय प्रवेश कोठेही मिळाला, तरी तेथे उपयोगी पडते.